काचेचे काका

अपघात विभागातल्या तरुण सर्जनने पडदा सरकवला, खाटेवर बाबांना पाहिलं आणि त्याचा चेहरा एकदम खुलला.

"अरे, काचेचे काका! तुम्ही इथे कुठे?"

बाबांच्या पाठीत दुपारपासून कळा येत होत्या. सदरा घामाने अंगाला चिकटला होता. तरी ते हसले. कोणीतरी ओळखलं, याचंच त्यांना बरं वाटलं.

"डावं मूत्रपिंड, खालचं टोक," सर्जन नर्सला म्हणाला, शाळेतली कविता म्हणून दाखवावी तसं. "तिथे गाठ आहे यांना. साधी, पाण्याची. आम्ही सगळे यांच्यावरच पास झालोय." त्याने बाबांच्या डाव्या कुशीवर जेल पिळली, सोनोग्राफीचा प्रोब टेकवला आणि अर्ध्या मिनिटात पडद्यावर एक काळा गोल आणून दाखवला. "ही बघा, आहे तिथेच आहे. हिच्यामुळेच दुखतंय. इंजेक्शन देतो. तासाभरात बरं वाटेल, काका."

तासाभरात बाबा गेले. पोटातली मुख्य रक्तवाहिनी, जिला महाधमनी म्हणतात, ती फुगून फुटली होती. ती पोटाच्या मधोमध असते, कुशीपासून वीतभर अंतरावर. ते अंतर मी नंतर स्वतःच्या अंगावर मोजून पाहिलं.

जेल पुसायला कोणी थांबलं नाही. ती मी पुसली. कागदी रुमाल भिजून त्याचे बारीक गोळे त्यांच्या पोटावरच्या पांढऱ्या केसांत अडकत होते आणि मी ते एकेक करून काढत होते. हे काम संपेपर्यंत रडायचं नाही असं ठरवलं होतं. मग रडायचं राहूनच गेलं.

बाबा वजनमापे खात्यात निरीक्षक होते. बाजारात फिरून दुकानदारांचे काटे तपासायचे. त्यांच्याकडे निळ्या मखमलीचं अस्तर लावलेली एक पेटी असे आणि तिच्यात पितळी वजनं, मोठ्यापासून नखाएवढ्यापर्यंत. ती बोटांनी उचलायची नाहीत, चिमट्यानेच उचलायची, कारण बोटाच्या घामानेही वजन बदलतं. मी सात-आठ वर्षांची असताना त्यांना विचारलं होतं, "पण ही वजनं तरी बरोबर आहेत हे कशावरून?" बाबा इतके खूश झाले की आत्याला हाक मारून त्यांनी मला तो प्रश्न पुन्हा विचारायला लावला. मग म्हणाले, दर दोन वर्षांनी ही पेटीसुद्धा तपासायला पाठवतात. ज्याच्यावरून दुसऱ्याला तपासायचं, त्याची तपासणी आधी.

ते निवृत्त झाले त्याच सुमारास इस्पितळाने सर्जन लोकांची परीक्षा सुरू केली. तातडीच्या वेळी सोनोग्राफीच्या डॉक्टरांची वाट न बघता सर्जननेच प्रोब हातात घ्यायचा, आणि त्याला ते खरंच जमतं की नाही हे आधी पारखायचं, अशी कल्पना. कल्पना चांगलीच होती. त्यासाठी जिवंत पोटं हवी होती. बाबा साध्या तपासणीला गेले असताना सोनोग्राफीचे वयस्क डॉक्टर त्यांच्यावर बेहद्द खूश झाले. अंगावर चरबीचा कण नाही. "तुमच्या पोटात काचेतून बघावं तसं दिसतं हो," ते म्हणाले. वर मूत्रपिंडात ती निरुपद्रवी गाठ, म्हणजे शोधून काढायला काहीतरी आयतंच होतं. तेव्हापासून सहा वर्षं, दर वर्षी एक दिवस, बाबा परीक्षेच्या दालनात तीन नंबरच्या खाटेवर उताणे पडायचे. प्रत्येक उमेदवाराला सात मिनिटं. बाबांना दोन नियम होते: हलायचं नाही आणि बोलायचं नाही. नियम पाळायचे म्हटलं की बाबांना हुरूप यायचा.

"मी आता प्रमाणित वजन झालोय," त्यांनी आत्याला ऐटीत सांगितलं होतं.

"वजन?" आत्या म्हणाली. "पन्नास किलो तरी भरतोस का रे दादा तू?"

आत्या त्यांची धाकटी बहीण. आई गेल्यापासून आमच्याकडेच राहते. तिचं तोंड तेवढं बंद नसतं, बाकी सगळं वेळच्या वेळी असतं.

शेवटची परीक्षा त्यांच्या मृत्यूच्या चार महिने आधी झाली. घरी आले तेव्हा बनियनवर वाळलेल्या जेलचे कडक पांढरे डाग होते. जेवताना त्यांनी सांगितलं, "आज एक मुलगी अडकली. नऊ नंबर. बाकीचे सगळे आले की सरळ डाव्या कुशीला. ही मधेच थांबली. दाबतेय, बघतेय, परत दाबतेय. आणि मग हळूच मला म्हणते, काका, पाठ दुखते का हो तुमची?"

"मग?" मी विचारलं.

"मग काय? बोलायचं नाही असा नियम. मी छताकडे बघत राहिलो."

"पण दुखते ना तुमची पाठ?"

"दुखते की. पण ते परीक्षेत येतं का? घंटा वाजली, तिचं मूत्रपिंड राहिलंच. नापास झाली असणार."

"तुझ्यामुळे गेली पोर," आत्या म्हणाली, आणि आम्ही तिघं हसलो. माझ्या हातात पुस्तक होतं. मी पानात बोट ठेवून हसले आणि मग पुढचं पान वाचलं. कोणतं पुस्तक होतं ते आठवत नाही.

बाबा गेल्यावर तीन आठवड्यांनी इस्पितळाचं पत्र आलं. परीक्षा समितीला मला भेटायचं होतं. शेवटी एक ओळ होती: हा आजार सख्ख्या नात्यात असू शकतो, तेव्हा त्यांच्या बहिणीलाही घेऊन यावं, सोनोग्राफी करून देऊ. तुमची कधी केली तरी चालेल, पण त्यांची साठी उलटली आहे, त्यांची आधी करा, असं पुढे हाताने लिहिलं होतं.

आत्याची पाठ हल्ली दुखत होती. बाबा गेल्यापासून जास्तच. पत्र ऐकून तिने नाक मुरडलं. "त्या लोकांच्या हातात पोट देऊ? दादाचं दिलं तेवढं पुरे नाही झालं?" पण मी हट्ट धरला. बाबांनंतर मला माझी म्हणावी अशी ती एकटीच होती. तिच्या पोटात काय आहे ते मला कळायला हवं होतं, आणि ते ज्याला खरंच दिसतं त्याच्याकडूनच कळायला हवं होतं.

समितीची खोली थंड आणि चकचकीत होती. टेबलाच्या टोकाला समितीचे प्रमुख, स्वतः मोठे सर्जन, बिस्किटं खात बसले होते. त्यांच्यासमोर बाबांची फाइल उघडी होती आणि तिच्यावर चुरा पडत होता. मधूनमधून ते तो करंगळीने गोळा करून तोंडात टाकत होते. शेजारी सोनोग्राफीचे वयस्क डॉक्टर, मान खाली.

"तुमच्या वडिलांची सेवा आम्ही कधी विसरणार नाही," प्रमुख म्हणाले. "आणि ती वाया जाऊ नये म्हणूनच तुम्हाला बोलावलं. हे बघा."

त्यांनी संगणकाचा पडदा आमच्याकडे वळवला. परीक्षेच्या दिवशी प्रत्येक उमेदवाराने काढलेली चित्रं साठवलेली होती. करड्या धुक्यात मधोमध एक काळी पोकळी. महिनाभर मी हेच वाचत होते, त्यामुळे ती फुगलेली महाधमनी आहे हे मला कोणी सांगायची गरज नव्हती.

"काय स्पष्ट आलंय! कडा बघा," प्रमुख म्हणाले. त्यांचा आवाज खरोखर आनंदाने भरून आला होता. "शिकवायला याहून सुंदर केस मिळायची नाही. पुढच्या वर्षीपासून परीक्षेत हीच चित्रं ठेवू म्हणतो. नातेवाइकांची परवानगी लागते. हा फॉर्म."

"सुंदर," आत्या म्हणाली. एवढंच म्हणाली. तिला इतकं कमी बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

"त्या दिवशी किती उमेदवार होते?" मी विचारलं.

"चौदा. तेरा पास."

"मला त्यांच्या गुणपत्रिका बघायच्या आहेत."

प्रमुखांनी बिस्कीट अर्ध्यावर थांबवलं. "त्या गोपनीय असतात, ताई." पण वयस्क डॉक्टरांनी एक गठ्ठा माझ्याकडे सरकवला.

तपासणीचे बारा चौकोन होते. रुग्णाला नीट झोपवलं का. जेल पुरेशी लावली का. यकृत दाखवलं का. महाधमनी दाखवली का. चौदाही पत्रिकांवर 'हो'वर खूण. किती रुंद आहे, कशी दिसते, हे लिहायला चौकोनच नव्हता. दाखवली की झालं. खाली 'मुख्य निदान', त्याला सगळ्यात जास्त गुण. तेरा पत्रिकांवर एकच वाक्य, शब्दांचा क्रमसुद्धा तोच: डावं मूत्रपिंड, खालचं टोक, साधी गाठ, बाकी पोट सामान्य. तेरा वेगवेगळ्या हातांनी लिहिलेलं, आणि डोळा एकाचाही नाही.

"यांना उत्तर आधीच माहीत होतं," मी म्हणाले.

"आता काय आहे ना," प्रमुख म्हणाले, "मागच्या वर्षीचे पुढच्यांना सांगतात. मुलं आहेत. आमच्या वेळीही चालायचं."

प्रत्येक पत्रिकेच्या माथ्यावर छापलेली एक ओळ होती: परीक्षेच्या दिवशी सकाळी मॉडेलची फेरतपासणी केली. मॉडेल म्हणजे बाबा. खाली वयस्क डॉक्टरांची सही.

"ही तुम्ही केली होती?" मी त्यांना विचारलं.

ते सहीकडे बघत म्हणाले, "पहिल्या वर्षी केली होती."

"आणि नंतर?"

"नंतर सही केली."

मला निळी मखमल आठवली. तोंडात आंबट पाणी आलं. या खोलीत थुंकायला जागा नाही असा चमत्कारिक विचार मनात आला आणि मी ते गिळलं.

नऊ नंबरची पत्रिका गठ्ठ्याच्या तळाशी होती. मुख्य निदानाची जागा कोरी. पण समासात, घाईघाईने, तिरक्या अक्षरांत लिहिलेलं होतं: 'महाधमनी ५.१ सेंमी. फुगवटा. पाठदुखी आहे का? लगेच पाठवावे.' त्यावर लाल शाईने शेरा: मूत्रपिंडं पाहिली नाहीत. मॉडेलशी बोलली. नापास.

पत्रिका मी आत्याला दिली. तिने चष्मा पुसून ती दोनदा वाचली.

"ही कुठे असते?" आत्याने विचारलं.

"वॉर्डात. ड्रेसिंग वगैरे बघते," प्रमुख म्हणाले. "प्रोबला हात लावायची तिला परवानगी नाही. तुमच्या सोनोग्राफीचं म्हणत असाल तर काळजी नको, आजी. मी मुद्दाम व्यवस्था केलीय. तुमच्या भावाला ज्यांनी शेवटी पाहिलं तेच येतायत. घरची माहिती असलेला माणूस बरा."

दारात तो तरुण सर्जन उभा होता. आज तो हसत नव्हता. आत्याने त्याच्याकडे नीट पाहून घेतलं.

"माझ्या मूत्रपिंडात काही नाही रे बाबा," ती म्हणाली. "उगाच पाठ करून येशील."

"आत्याची तपासणी नऊ नंबर करेल," मी म्हणाले. "दुसरं कोणी नाही."

"ते नियमात बसत नाही."

"माझ्या देखरेखीखाली बसतं," वयस्क डॉक्टर म्हणाले. त्या खोलीत ते पहिल्यांदाच कोणी न विचारता बोलले.

प्रमुखांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा कोऱ्या फॉर्मकडे. "ठीक आहे. मग सहीचं?"

"आधी तपासणी."

खाली सोनोग्राफीच्या खोलीत नऊ नंबर आली ती ओले हात कोटाला पुसत. तिशीची असावी. सारखे हात धुऊन बोटांची कातडी सोलपटली होती. तिचे आभार मानायचे असं मी जिना उतरताना ठरवलं होतं. प्रत्यक्षात तोंडातून वेगळंच आलं.

"तुम्हाला दिसलं होतं. मग कोणाला सांगितलं का नाही?"

"तिथेच सांगायला लागले होते," ती म्हणाली. "परीक्षकांनी तोंडावर बोट ठेवलं. मग घंटा वाजली." परीक्षक, म्हणजे वयस्क डॉक्टर, मशीनच्या बटणांकडे बघत उभे होते. "बाहेर आल्यावर बाकीच्यांना विचारलं. तेरा जण म्हणाले, मूत्रपिंडात गाठ होती, तुझी तीच राहिली. मला वाटलं, माझंच चुकलं. तेरा जणांना जे दिसत नाही ते मला एकटीला कसं दिसेल? तुमचे वडील गेल्याचं कळलं त्या दिवशी मी चित्रं परत उघडून बघितली."

मला तिचीही किळस आली. ती फार वेळ टिकली नाही, कारण वळून ती माझ्याच अंगावर आली. मूत्रपिंड सोडून मधोमध थांबलेली मुलगी, पाठ दुखते का हा प्रश्न, आणि हो, दुखते की, हे उत्तर, सगळं मी जेवणाच्या टेबलावर ऐकलं होतं. उत्तर द्यायला मला तर कुठलाही नियम आडवा आला नव्हता.

आत्या खाटेवर आडवी झाली. नऊ नंबरने जेलची बाटली आधी स्वतःच्या तळव्यांत धरून उबदार केली. प्रोब तिने पोटाच्या मधोमध ठेवला आणि तिथून सावकाश खाली येऊ लागली. पडद्यावर धुकं हललं.

"पाठ दुखते का, मावशी?"

"दुखते तर!" आत्या म्हणाली. "एकोणिसाव्या वर्षापासून दुखते. शिवणयंत्रावर बसून बसून. मग दादाच्या बायकोच्या आजारपणात तिला उचलून उचलून. आता दादा गेल्यापासून ही इथे, कमरेच्या वर. वाकलं की नाही दुखत, उठलं की दुखते. आणि सांगू का, कोणी विचारलं की जास्त दुखते."

"बोला, बोला," नऊ नंबर म्हणाली. तिची नजर पडद्यावरून हलली नव्हती. तिने चित्र थांबवलं, दोन खुणा लावल्या, पुसल्या, परत लावल्या. मी खाटेची लोखंडी कड धरून उभी होते. वयस्क डॉक्टर पुढे वाकले.

"एक पूर्णांक आठ," ती म्हणाली. "वरपासून खालपर्यंत सारखी आहे. चांगली आहे, मावशी."

खाटेची कड सोडून मी स्टुलावर बसले.

तेवढ्यात प्रमुख आत आले. एका हातात फॉर्म, दुसऱ्यात नऊ नंबरची पत्रिका. "नॉर्मल ना? उत्तम." पत्रिका ट्रॉलीवर टेकवून त्यांनी 'नापास' खोडलं, वर 'फेरपरीक्षा, पास' असं लिहिलं आणि भराभर सगळ्या चौकोनांत खुणा केल्या. यकृत. पित्ताशय. प्लीहा. दोन्ही मूत्रपिंडं. पडद्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. "झालं तुमच्या मनासारखं, ताई? मुलीवर अन्याय नको, हे मलाही पटतं. आता ही सही."

त्यांनी पुढे केलेल्या पेनाचं टोपण चावलेलं आणि ओलं होतं. खरंच माझ्या मनासारखं झालं होतं. तिचा निकाल बदलावा असंच मला वाटत होतं, आणि तो बदलला होता, बाबांवर तेरा जण जसे पास झाले तसाच, पडद्याकडे न बघता.

"सर," नऊ नंबर म्हणाली, "मूत्रपिंडं मी अजून पाहिलेली नाहीत."

"अगं, पास झालीस तू! पूस आता."

ती हलली नाही. पत्रिकेवरच्या त्या खुणांकडे तिने पाहिलं, मग बाटली उचलून पुन्हा तळव्यांत धरली. "मावशी, जरा उजव्या कुशीवर वळता का?"

आत्या कण्हत वळली.

मी पेन फॉर्मवर ठेवलं आणि दोन्ही प्रमुखांकडे सरकवलं. "सही होणार नाही," मी म्हणाले. "पुढच्या वर्षी तुमचे सगळे महाधमनी, पाच पूर्णांक एक, असं पाठ करून येतील. आणि ज्याच्या मूत्रपिंडात काही असेल तो मरेल."

"तुम्ही भावनेच्या भरात बोलताय."

"तपासणी चालू आहे," वयस्क डॉक्टर म्हणाले. "आपण जरा बाहेर थांबा."

प्रमुख गेले. जाताना पेन घेऊन गेले, फॉर्म राहिला. त्यावर जेलचा थेंब पडून छापील अक्षरं फुगली होती. मी कागदी रुमालांची घडी हातात घेऊन आत्याच्या उशाशी उभी राहिले, पुसायची वेळ येईपर्यंत. नऊ नंबर डाव्या कुशीवर प्रोब इंच इंच सरकवत होती. दारातला तरुण सर्जन आत यावं की न यावं अशा विचारात होता. मग तो दोन पावलं आत आला आणि पडद्याकडे बघू लागला.

"सावकाश बघ गं," भिंतीकडे तोंड करून आत्या म्हणाली. "आणि काही दिसलं तर मला सांग. कागदावर लिहीत बसू नकोस."